पेटीतली पलटण

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डेंटन नावाचे गाव आहे. तिथल्या रीपर मिनिएचर्स या कंपनीने २०१२ सालच्या जुलैत किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडे पैसे मागितले. मागणी होती ३०,००० डॉलरची. ऑगस्ट सरत आला आणि मुदत संपली, तेव्हा १७,७४४ लोकांनी मिळून ३४,२९,२३५ डॉलर भरले होते. एवढे पैसे कशासाठी? इंचभर उंचीच्या, पांढऱ्या, न रंगवलेल्या प्लास्टिकच्या पुतळ्यांसाठी. ढाल घेतलेले योद्धे, काठीवाले मांत्रिक, गॉब्लिन नावाचे बुटके राक्षस, सांगाडे, आणि जादा पैसे मोजणाऱ्यांना टेबलाचा कोपरा अडवून बसेल असा एक हाडांचा ड्रॅगन. ज्यांनी शंभर डॉलर भरले होते त्यांच्या नावे शेवटच्या दिवशी दोनशेहून अधिक पुतळ्या जमा झाल्या. पुढच्या वर्षी पेट्या घरोघरी पोचल्या. घरातल्या माणसांनी पेटी उघडून पाहिली आणि हे सगळे आता रंगवणार कोण, असा रास्त प्रश्न विचारला.

हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती लिहिले आहे. पुढची प्रकरणे हाताच्या कामाची आहेत: पुतळी धुणे, साच्याची शिवण काढणे, रंग पातळ करणे, डोळे काढणे. पण वाचकापुढे ब्रश ठेवण्याआधी ही पेटी आली कुठून आणि एवढी भरलेली का आली, हे सांगायला हवे. कारण माझे मत असे आहे की या छंदात गेल्या दहा-बारा वर्षांत जे बरे-वाईट घडले, त्यातले बरेचसे या भरलेपणातून आले आहे.

आधी साच्याचे गणित. टेबलावरच्या युद्धखेळांसाठी लागणाऱ्या पुतळ्या कित्येक दशके कथलाच्या मिश्रधातूत ओतल्या जात. मूळ शिल्पावरून रबराचा गोल साचा करायचा, तो यंत्रावर गरगर फिरवायचा आणि मधल्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. फिरण्याच्या जोराने धातू कडेच्या बोटाबोटांत शिरतो. हा साचा स्वस्त असतो. चार माणसांचा कारखानासुद्धा तो करू शकतो, म्हणून या व्यवसायात छोट्या कंपन्या टिकल्या. पण प्रत्येक पुतळीला धातू लागतो, प्रत्येक पुतळीला माणसाचा हात लागतो, त्यामुळे शंभरावी पुतळी पहिलीइतकीच महाग पडते. प्लास्टिकचे उलटे. त्याला धातूचा कोरलेला साचा लागतो आणि त्यावरच हजारो डॉलर खर्च होतात. मात्र एकदा साचा झाला की पुढची पुतळी जवळजवळ फुकट. प्रश्न एवढाच की साच्याचे पैसे आधी कोणी घालायचे?

मराठी वाचकाला याचे उत्तर नवे नाही. मोठा ग्रंथ काढायचा तर प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतो, वाचक आगाऊ पैसे भरतात, त्या पैशांतून कागद येतो. किकस्टार्टर २००९ साली सुरू झाले ते याच तत्त्वावर, फक्त एक अट घालून: ठरलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कोणाकडूनच पैसे घ्यायचे नाहीत. पण ग्रंथाचे वर्गणीदार वाढले म्हणून ग्रंथाची पाने वाढत नाहीत. रीपरच्या बाबतीत मात्र वर्गणीदार वाढले तशी पेटी वाढत गेली. रक्कम एका टप्प्यावर पोचली की पेटीत आणखी पुतळ्या घालायच्या, पुढच्या टप्प्यावर आणखी. यांना स्ट्रेच गोल म्हणतात. महिनाभर लोक दिवसातून चारदा आकडा पाहत होते, आणि आपल्या पेटीत भर पडावी म्हणून मित्रांना पैसे भरायला लावत होते. जाहिरातीचा खर्च वर्गणीदारांनीच उचलला म्हणायचा.

रीपरला हे परवडले त्याचे एक कारण फारसे कोणी सांगत नाही. ही कंपनी १९९०च्या दशकापासून धातूच्या पुतळ्या ओतत होती. ज्युली गथ्री, वेर्नर क्लॉके, बॉबी जॅक्सन अशा नामांकित शिल्पकारांचे काम तिच्या कपाटात पडून होते. तिच्याच वॉरलॉर्ड या युद्धखेळातल्या पलटणी होत्या. पेटीतल्या बहुतेक पुतळ्या नव्या घडवलेल्या नव्हत्याच. जुनी धातूतली शिल्पे नव्या मऊ प्लास्टिकमध्ये उतरवली गेली. ‘बोन्स’ हे त्या मालिकेचे नाव. ज्यांच्याकडे असे कपाट नव्हते, त्यांनी रीपरचे अनुकरण करून टप्प्यांमागून टप्पे जाहीर केले आणि मग एकेक शिल्प घडवता घडवता त्यांच्या नाकी नऊ आले.

इथे जरा मागे जातो, पण फार नाही. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ १८२४च्या सुमारास रुजला, हा या खेळाचा दरबारी पूर्वज. घरगुती पूर्वज मला जास्त आवडतो. ब्रिटनमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक बाजारात आणले. पोकळ म्हणजे कमी शिसे, कमी शिसे म्हणजे कमी किंमत. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत पलटणी उभ्या राहिल्या. मग १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचे पुस्तक काढले. त्यात लाकडी गोळा उडवणारी स्प्रिंगची खेळण्यातली तोफ आहे, आणि जेवणानंतर जमिनीवर पालथे पडून शिपायांवर नेम धरणारे प्रौढ गृहस्थ आहेत. पुढे डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ साली ‘वॉर गेम्स’ लिहून ब्रिटनमध्ये या खेळाला शिस्त लावली. १९७५ साली लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली. १९८३ साली तिचा वॉरहॅमर हा युद्धखेळ आला, १९८७ साली त्याचा भविष्यकाळातला भाऊ वॉरहॅमर ४०,०००. नॉटिंगहॅम आणि आसपासचा परिसर हे पुतळ्या ओतणाऱ्यांचे जणू पेठेचे ठिकाण झाले, ते आजही आहे.

अमेरिकेतली गोष्ट वेगळ्या वळणाने गेली आणि ती इथे कामाची आहे. गॅरी गायगॅक्स हे मुळात मध्ययुगीन लढाया पुतळ्यांनी खेळणारे गृहस्थ. १९७१ साली त्यांचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक आले, आणि त्यातूनच १९७४ साली डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ उभा राहिला. गायगॅक्सना टेबलावर राक्षस हवे होते आणि राक्षसांच्या पुतळ्या मिळत नव्हत्या. तेव्हा त्यांनी हाँगकाँगी बनावटीची, डायनासोर म्हणून खपणारी पण कुठल्याच डायनासोरसारखी न दिसणारी स्वस्त प्लास्टिकची खेळणी आणली. त्या ओबडधोबड आकारांवरून घुबडाच्या तोंडाचे अस्वल जन्मले, लोखंड गंजवून खाणारा प्राणी जन्मला. आज जगभर या प्राण्यांच्या सुबक पुतळ्या विकल्या जातात. महाग, देखणी शिल्पे गायगॅक्सना मिळाली असती तर त्यांनी ती तशीच वापरली असती, हे मला पक्के वाटते. स्वस्त वस्तूशी मनमानी करता येते.

बोन्सच्या पेटीने हेच रंगवणाऱ्यांच्या बाबतीत केले. धातूची एक पुतळी पाच-सात डॉलरला पडत होती. ती हाताशी धरून नवशिका बसला की त्याचा हात आखडतो. रंग बिघडला तर पैसे गेले, शिवाय एका चांगल्या शिल्पकाराचे काम आपण खराब केले ही टोचणी. म्हणून तो सगळ्या अवघड पुतळ्या बाजूला ठेवतो, ‘हात बसल्यावर’ रंगवीन म्हणतो, आणि हात बसत नाही कारण तो रंगवतच नाही. शंभर डॉलरला दोनशे या भावाने पुतळी पन्नास सेंटांच्या आत आली. आता चाळीस गॉब्लिनपैकी पहिले दहा बिघडले तरी कोणाचे काय जाते? पाचव्या गॉब्लिनवर हिरव्याऐवजी जांभळी कातडी करून पाहावी, सहाव्यावर गंज, सातव्याच्या मशालीचा उजेड त्याच्याच गालावर पाडून पाहावा. मला ठाऊक असलेले कित्येक चांगले रंगवणारे या अशा वाया घालवायच्या पुतळ्यांवर तयार झाले. पेटीचे खरे मोल इथे आहे, असे माझे म्हणणे आहे. संख्येने आलेली चैन ही त्यातली गौण गोष्ट.

आता कामाकडे. बोन्सचे प्लास्टिक मऊ असते आणि मऊपणाचे आपले हट्ट असतात. भाला, तलवार, धनुष्य पेटीत दाबून वाकलेले येते. त्यावर उपाय उकळते पाणी: पुतळी चिमट्याने त्यात धरायची, मऊ झाली की बोटांनी सरळ करायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवायची. साच्याचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात तिथे अंगावर एक बारीक शिवण राहते. कडक प्लास्टिकवर ती पात्याने खरवडता येते, इथे खरवडली की लव उठते, म्हणून ताज्या धारेच्या पात्याने ती अलगद कापावी लागते. साचा सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट थरही असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि निवृत्त झालेला टूथब्रश, एवढ्याने तो जातो.

पहिल्या रंगाला फसू नका. पाणी घालून पातळ केलेला ॲक्रिलिक रंग या प्लास्टिकवर बसत नाही, थेंब थेंब होऊन सरकतो. पहिला हात रंग पातळ न करता द्यायचा किंवा ब्रशने लावायचा प्रायमर घ्यायचा. डब्यातल्या स्प्रेचे काही प्रकार या प्लास्टिकशी पटवून घेत नाहीत आणि पुतळी दिवसेंदिवस चिकट राहते. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर: दमट हवेत मारलेला स्प्रे पृष्ठभागावर खरखरीत, पिठूळ होऊन बसतो. कोकणात जुलैत स्प्रे मारू नये. मारायचाच असेल तर हा सल्ला ऐकला नव्हता असे म्हणावे. उलट विदर्भातल्या मे महिन्यात रंग थाळीतच वाळतो. तिथे ओल्या स्पंजावर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढायची जी युक्ती आहे, ती चैन उरत नाही, गरज होते.

पाया, वॉश, कोरडा ब्रश, उजळ कडा या चार पायऱ्या पुढे एकेका प्रकरणात येतील. त्या का लागतात, ते मात्र इथेच सांगतो, कारण बहुतेक पुस्तकांत ‘कसे’ असते आणि ‘का’ नसते. पुरुषभर उंचीच्या पुतळ्यावर खोलीतला उजेड पडला की चुण्यांत आपोआप सावली साठते. डोळ्याला घडण कळते. इंचभर पुतळीच्या चुण्या अर्ध्या मिलिमीटरच्या. तिथे पडलेली सावली दोन फुटांवरून दिसतच नाही, आणि एका रंगाने रंगवलेला झगा सपाट डाग वाटतो. म्हणून सावली रंगाने घालावी लागते आणि उजेडही रंगाने काढावा लागतो. पातळ गडद वॉश चुण्यांत उतरतो, ते सावलीचे काम. जवळजवळ कोरडा फिकट ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की ते उजेडाचे. उजेड वरून येतो आहे असे एकदा ठरवले की प्रत्येक पुतळीच्या खांद्यावर, नाकावर, ढालीच्या वरच्या कडेवर तो दिसला पाहिजे. हे कळले की उरते ते सरावाचे.

डोळ्यांबद्दल लोक उगाच घाबरतात आणि त्या भीतीपोटी बाजारातला सर्वांत बारीक ब्रश आणतात. तो ब्रश थेंबभरही रंग धरत नाही; पुतळीच्या चेहऱ्यापर्यंत नेईतो टोकावर वाळलेला असतो. हवा असतो पोट असलेला, टोकदार ब्रश. कोलिन्स्की नावाच्या सायबेरियन प्राण्याच्या केसांचे ब्रश याच गुणासाठी नावाजले जातात. विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ ही ब्रशांची मालिका १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी म्हणून काढली गेली. राणीने जलरंगांसाठी वापरला तो ब्रश आज गॉब्लिनच्या बुबुळाला लागतो आहे. आधी खोबणीत गडद रंग, त्यात पांढरी आडवी रेघ, तिच्यात गडद ठिपका, आणि मग कातडीच्या रंगाने वरून-खालून सगळे चुकलेले झाकून टाकणे. शेवटची पायरीच डोळे काढते, आधीच्या तीन फक्त जागा दाखवतात.

झटपट मार्गही आहेत. गेम्स वर्कशॉपने २०१९ साली कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले, ज्यांत एकाच हातात पाया आणि सावली दोन्ही येतात. जुन्या खोडांनी नाके मुरडली. मी ते पलटणीच्या मागच्या रांगेसाठी वापरतो आणि त्याबद्दल कोणाशी वाद घालत नाही. स्पर्धेच्या टेबलावर मात्र ते एकटे पुरत नाहीत. गेम्स वर्कशॉपची गोल्डन डेमन स्पर्धा १९८७पासून चालते. तिथे स्पर्धक एकमेकांशी झुंजतात आणि क्रमांक मोजक्यांनाच मिळतात. रीपरच्या संमेलनातल्या स्पर्धेची पद्धत निराळी आहे: प्रत्येक काम ठरलेल्या कसोटीला लावतात, आणि त्या कसोटीला जितके उतरतील तितक्यांना सुवर्णपदक देतात. ज्या कंपनीने लोकांना बिघडवायला पुतळ्या दिल्या, तिला हीच पद्धत शोभते.

पेटीची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. २०१२ हे वर्ष या व्यवसायात भरतीचे होते. झॉम्बिसाइड या खेळाने ७,८१,५९७ डॉलर जमवले. त्याच वर्षाअखेरीस न्यू यॉर्कच्या ॲडम पूट्स यांच्या ‘किंगडम डेथ: मॉन्स्टर’ने ३५,००० मागून वीस लाखांवर मिळवले, पण पूर्ण खेळ लोकांच्या हाती पडायला २०१५ उजाडले. पेटी आली ती थक्क करणारी होती, म्हणून २०१६-१७च्या दुसऱ्या फेरीत त्याच माणसाला १,२३,९३,१३९ डॉलर मिळाले. उशीर लोकांनी माफ केला. सगळ्यांनाच हे भाग्य लाभले नाही. पॅलेडियम बुक्सने २०१३ साली ‘रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स’साठी चौदा लाखांहून अधिक डॉलर घेतले, पहिला हप्ता पाठवला, आणि २०१८च्या फेब्रुवारीत दुसरा हप्ता निघणार नाही असे जाहीर केले, परवान्याची मुदतही संपत आली होती. भरलेल्या पैशाचे अर्धे सैन्य कायमचे कागदावर राहिले. किकस्टार्टरने तर २०१२च्या सप्टेंबरातच बजावून ठेवले होते की हे दुकान नाही. त्यानंतरच्या काळात प्रस्थापित कंपन्यांनी त्याचे दुकानच केले, हे वेगळे. नवशिक्या मंडळींना भांडवल मिळावे म्हणून काढलेल्या खिडकीपुढे ज्यांची गोदामे आहेत ते रांगेत पुढे उभे राहिले. यात बेकायदा काही नाही, पण मला ते आवडत नाही.

आणि मग ढीग. दोनशेच्या पेटीपाठोपाठ दुसरी पेटी, कारण रीपरने २०१३ साली बोन्सची दुसरी फेरी काढली आणि पुढेही काढत राहिली. वर्षाला वीस पुतळ्या नीट रंगवणाऱ्याने दहा वर्षांचे काम एका उन्हाळ्यात विकत घेतले, आणि ते संपायच्या आत आणखी दहा वर्षांचे. न रंगवलेल्या ढिगाबद्दल या छंदातली माणसे एकमेकांत खोटी खोटी लाज व्यक्त करतात. पुस्तके न वाचता साठवणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, मला ढिगाची लाज वाटत नाही. पण एक फरक मान्य करावा लागतो. पैसे भरतानाचा उत्साह आणि ब्रश धरतानाचा उत्साह हे दोन वेगळे छंद आहेत, आणि पहिला दुसऱ्याला सहज खाऊन टाकतो.

भारतात बसून हे करणाऱ्याच्या अडचणी आणखी. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाले आणि २०२३ साली ७०. २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्रही सक्तीचे आहे. प्रौढांची संग्राह्य पुतळी टपालात ‘खेळणे’ ठरली की शंभर डॉलरची पेटी शंभराची राहत नाही. म्हणून इथल्या तरुणांनी परदेशी पेट्यांचा नाद सोडून वेगळी वाट धरली: शिल्पकार आता पुतळी न विकता तिची संगणकीय फाइल विकतात, त्यासाठीही वर्गणी गोळा करतात, आणि ज्याच्या घरी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे तो हवी तेवढी सेना रात्रीतून छापतो. साच्याचा खर्चच नाहीसा झाला, म्हणजे ज्या कारणासाठी वर्गणी सुरू झाली तेच उरले नाही. तरी वर्गणी चालूच आहे. लोकांना ती सवय लागली आहे. रेझिन वापरणाऱ्यांनी हातमोजे आणि खेळती हवा यांवरचे परिशिष्ट आधी वाचावे. कच्चे रेझिन कातडीला चांगले नाही.

फाइलींमुळे आणखी एक दार उघडले. ब्रिटिश युद्धखेळवाले जालना जिल्ह्यातली असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३ची, हौसेने टेबलावर मांडतात. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूच्या पलटणींचे रंग त्यांना तोंडपाठ असतात आणि शिंद्यांच्या कवायती कंपूंचे मात्र अंदाजपंचे. त्या कंपूंतला गोलंदाज कसा रंगवावा, अंगरखा कोणता, पागोटे कोणते, याचा शोध इथल्या माणसाला घेता येण्यासारखा आहे, आणि इथल्याच शिल्पकाराला तो घडवता येण्यासारखा. त्या विषयाला मी या पुस्तकात हात घातलेला नाही. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, आणि तो कोणी काढला तर प्रकाशनपूर्व सवलतीत मी पैसे भरीन.

वाचकाने प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, पण धुण्याचे प्रकरण कोणी गाळू नये. सामान थोडे लागते: एक बरा ब्रश, एक टाकाऊ ब्रश, सहा रंग, एक तपकिरी वॉश, धारदार पाते आणि चांगला दिवा. सहा रंग कोणते ते तिसऱ्या प्रकरणात आहे. ज्याच्याकडे अशी पेटी आहे त्याने ती ओतून त्यातली सर्वांत आवडती पुतळी शोधावी आणि परत आत ठेवून द्यावी. पहिल्यांदा सांगाडा घ्यावा. पांढरा असतोच, वर तपकिरी वॉश दिला की अर्धे काम झाले, आणि सांगाड्याला डोळे नसतात.